दारफाळणीची तारीख

आपल्या १९९५च्या दहावीच्या तुकडीचं हे स्नेहमीलन खरं तर २ ऑक्टोबरला व्हायचं होतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. यंदा गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी आले, तेही गुरुवारी. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे. तारीख ठरवायचं काम समितीने माझ्याकडे दिलं होतं आणि मी मोठ्या रुबाबात ग्रुपवर टाकलं, "दसऱ्याला सोनं वाटायला शाळेत भेटू." भराभर अंगठे आले.

रात्री उशिरा एक निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. "अगं, मला नाही जमणार. त्या दिवशी आमची दारफाळणी आहे. तुम्ही करा, फोटो पाठव."

ती कोण, हे तुम्ही ओळखलं असेल. आपल्या तुकडीत इस्राएल आळीतली ती एकटीच होती. हल्ली ठाण्याला असते. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिच्या शेजारी बसले, आणि 'दारफाळणी' हा शब्द वाचल्यावर मला सातवीतला एक दिवस आठवला.

सप्टेंबर १९९१. गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा नुकतीच उघडली होती. बुधवारी, १८ तारखेला, गणिताची चाचणी होती आणि ती आली नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आली, "सणामुळे गैरहजर." मी वर्गाची मॉनिटर. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "गेल्या वर्षी तर तुझा हा सण दसऱ्याच्या सुमाराला होता. या वर्षी गणपतीत कसा आला? सुट्टी वाढवलीस ना?" वर्ग हसला. ती काही बोलली नाही. तिचा पेपर बुडाला तो बुडालाच.

मी खोटं बोलत नव्हते. १९९० साली तिचा सण खरंच दसऱ्याच्या सुमाराला होता आणि १९९१ साली ऐन गणपतीत. पण तीही खोटं बोलत नव्हती. हे कळायला मला चौतीस वर्षं लागली. तिचा निरोप आला त्या रात्री मी ज्यू पंचांगाचं गणित शोधत बसले, ते पुढे दोन महिने त्यातच होते. या लेखात त्याचाच हिशेब मांडते आहे.

सण आपल्या शब्दांतले

आधी नावांबद्दल. अलिबाग-रायगडच्या बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ती माणसं इथे तेल गाळू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, पण शनिवारचा शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकली. सणही टिकले, मात्र त्यांना नावं मिळाली ती मराठी.

रोश हशाना म्हणजे वर्षाचा पहिला दिवस, तो 'नव्याचा सण'. योम किप्पूर हा वर्षातला सर्वांत गंभीर दिवस. केलेल्या चुकांची क्षमा मागायची, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्याकडची जुनी माणसं त्या दिवशी पांढरे कपडे घालून घराची दारं लावून आत बसत, बाहेरच्या कोणाशी बोलत नसत. म्हणून तो 'दारफाळणीचा सण', दारं बंद करण्याचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': गरिबांना दान द्यायचं आणि मित्रमंडळींना भेटायचं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा दिवस, अव महिन्याची नवमी, इथे 'बिरड्याचा सण' झाला, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. पुरीम हा फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो सरळ 'होळीचा सण'. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बेने इस्राएलांचा इतिहास लिहिला, जो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात ही सगळी नावं नोंदलेली आहेत.

होळी आणि पुरीम जवळ येणं हा योगायोग नाही. आकाशातला चंद्र एकच, आणि त्यांचाही महिना आपल्यासारखाच चंद्राचा. पुरीम अदार महिन्याच्या १४ तारखेला, म्हणजे पौर्णिमेच्या सुमाराला. योम किप्पूर तिश्री महिन्याच्या १० तारखेला. आपला दसरा आश्विन शुद्ध दशमीला. तिश्री हा बहुतेक वर्षी आपला आश्विनच असतो. २०२४ साली दोन्ही १२ ऑक्टोबरला होते, २०२५ साली दोन्ही २ ऑक्टोबरला.

मग १९९१चं काय? बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, सौरवर्षाला सुमारे ११ दिवस कमी. तसंच सोडून दिलं तर सण ऋतू सोडून फिरत राहतात, जसा मुसलमानी रमझान फिरतो. ज्यूंना ते चालणार नव्हतं, कारण मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा पेसाह हा सण वसंतातच यायला हवा अशी तोराची आज्ञा. म्हणून आपल्यासारखाच त्यांनाही अधिक महिना धरावा लागतो. १९ वर्षांत ७. आपल्याकडेही साधारण तेच प्रमाण पडतं. फरक असा की आपला अधिक महिना सूर्याच्या संक्रांतीवरून ठरतो, म्हणून तो कधी वैशाखात, कधी श्रावणात येतो. त्यांचा नेहमी अदारच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, आणि १९ वर्षांच्या चक्रातल्या ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ या ठरलेल्या वर्षीच.

१९९१ साली आपला अधिक वैशाख उन्हाळ्यातच होऊन गेला आणि दसरा महिनाभर पुढे सरकला. त्यांचा अधिक अदार आला १९९२च्या सुरुवातीला. मधल्या काळात दोन्ही पंचांगांत एका महिन्याची फट पडली आणि दारफाळणी भाद्रपदात आली. २०२६ साली हेच पुन्हा होणार आहे: दारफाळणी २१ सप्टेंबरला गणपतीत, दसरा २० ऑक्टोबरला. सातवीतल्या त्या मॉनिटरला एवढं जरी कोणी सांगितलं असतं!

चंद्र पाहणारे साक्षीदार

सुरुवातीला यात गणित नव्हतं, साक्ष होती. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे नवी चंद्रकोर प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या जबानीवर ठरे. साक्षीदार जेरुसलेममधल्या एका मोठ्या अंगणात जमत. त्यांनी पुन्हा यावं म्हणून त्यांना चांगलं जेवण घालत. कोर कुठल्या दिशेला होती, किती उंच होती, कुठे झुकली होती, अशी उलटतपासणी होई. रब्बान गमलिएल यांच्या माडीवर भिंतीला चंद्राच्या आकारांची चित्रं लावलेली होती. अडाणी साक्षीदाराला ती दाखवून विचारत, असा दिसला की असा?

निर्णय झाला की जैतुनाच्या डोंगरावर मशाल पेटवून हलवत. पुढच्या डोंगरावरचे लोक ती पाहून आपली पेटवत. असं करत बातमी बाबिलोनपर्यंत जाई. मग विरोधी गटाच्या लोकांनी खोट्या मशाली पेटवायला सुरुवात केली. शेवटी मशाली बंद करून जासूद पाठवावे लागले. जासूद पोचायला वेळ लागे, म्हणून लांबच्या वस्त्यांनी खात्रीसाठी सण दोन दिवस पाळायला सुरुवात केली. आजही इस्राएलबाहेरचे बरेच ज्यू काही सण दोन दिवस पाळतात. आमच्या धंद्यात निरोप उशिरा पोचण्यावर जे उपाय करतात, त्यातला हा सर्वांत जुना असावा.

याच मिश्नेतली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबले. मंदिर पडल्यानंतर ज्यूंचं न्यायपीठ याव्नेला होतं आणि गमलिएल त्याचे प्रमुख होते. दोन साक्षीदारांनी तिश्रीची कोर पाहिल्याचं सांगितलं, पण दुसऱ्या रात्री चंद्र दिसलाच नाही. साक्ष खोटी आहे, हे मत रब्बी यहोशुआंनाही पटलं. गमलिएलांनी ती तरीही मानली. आता दोघांचं योम किप्पूर एक दिवसाने वेगळं झालं. गमलिएलांनी हुकूम काढला: तुमच्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पूर येतं, त्या दिवशी काठी आणि पैशाची थैली हातात घेऊन माझ्याकडे या. त्या दिवशी काठी-थैली घेऊन प्रवास करणं म्हणजे स्वतःच्या समजुतीनुसार मोठं पाप. यहोशुआंना फार दुःख झालं. पण सहकाऱ्यांनी समजावलं की प्रत्येक जण आपापली तारीख धरू लागला तर सण कोणाचाच उरणार नाही. ते गेले. गमलिएल उठून उभे राहिले आणि त्यांनी यहोशुआंच्या मस्तकाचं चुंबन घेतलं. ज्ञानात तुम्ही माझे गुरू आणि माझं ऐकलंत म्हणून शिष्य, अशा अर्थाचं ते बोलले.

चंद्राबद्दल बहुधा यहोशुआच बरोबर होते. तरी तारीख ठरली ती सगळ्यांनी एकत्र राहावं म्हणून.

साक्षीकडून गणिताकडे

ही पद्धत टिकणं कठीण होतं. रोमन सत्तेखाली न्यायपीठ कमजोर होत गेलं, माणसं दूरदूर पांगली. परंपरा सांगते की हिल्लेल दुसरा या प्रमुखाने इसवी सन ३५९च्या सुमाराला गणिताचे नियम जाहीर केले, म्हणजे यापुढे कोणालाही, कुठेही, न विचारता तारीख काढता यावी. जे गणित आजवर न्यायपीठाच्या हातात होतं, ते त्याने सगळ्यांना देऊन टाकलं.

प्रत्यक्षात नियम पक्के व्हायला अजून काही शतकं लागली. कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या कोठीत, एक पत्र सापडलं आहे. त्यात इसवी सन ८३६च्या पेसाहची दिलेली तारीख आजच्या नियमाने येणाऱ्या तारखेपेक्षा वेगळी आहे. ज्यू पंचांगाच्या गणितावर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या पुस्तिकांपैकी एक लिहिली आहे ती बगदादच्या मुसलमान गणितज्ञाने, अल-ख्वारिझ्मीने, इसवी सन ८२४च्या सुमाराला. 'अल्गोरिदम' हा आमच्या रोजच्या वापरातला शब्द त्याच्याच नावावरून आला.

गणिताचा गाभा सोपा आहे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचा सरासरी काळ धरला आहे २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग. एका तासाचे भाग १०८०. दोन अमावास्यांमधलं हेच अंतर बाबिलोनच्या ज्योतिषांनी त्याच्याही कित्येक शतकं आधी काढलं होतं, आणि आजच्या मोजणीशी ताडून पाहिलं तर चूक महिन्याला एका सेकंदाहूनही कमी. या सरासरी अमावास्येच्या क्षणाला 'मोलाद' म्हणतात. पहिल्या वर्षाचा मोलाद ठरलेला आहे, त्यात महिने मिळवत जायचे. तिश्रीचा मोलाद ज्या वारी येईल तो नव्याचा सण, आणि त्यापासून दहावा दिवस दारफाळणी.

एवढंच असतं तर बरं होतं. पण त्यावर पुढे ढकलण्याचे नियम आहेत. नव्याचा सण रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही. का? बुधवारी आला तर दारफाळणी शुक्रवारी येते, शुक्रवारी आला तर रविवारी. दोन्ही वेळा ती शनिवारच्या शब्बाथला लागून येते आणि सलग दोन दिवस चूल बंद, सगळी कामं बंद. तालमूदमध्ये याची दोन कारणं दिली आहेत. एक जण म्हणतो, भाजी शिळी होईल. दुसरा म्हणतो, कोणी वारलं तर प्रेत दोन दिवस पडून राहील. मला वाटलं होतं, यामागे काहीतरी गहन ज्योतिष असणार. निघाली ती भाजी आणि मर्तिक. गरम हवेच्या मुलखातल्या माणसांनी माणसांसाठी केलेला विचार आहे हा.

आणखी एक नियम: मोलाद दुपारी बाराच्या आत असेल तर तोच दिवस धरायचा. बारा वाजून गेले असतील तर नव्याचा सण दुसऱ्या दिवशी. या एका नियमावरून इसवी सन ९२१मध्ये मोठं भांडण झालं. पॅलेस्टाइनच्या बेन मेईर या प्रमुखाने जाहीर केलं की मर्यादा बरोबर बाराची नसून बारानंतर ६४२ भागांची, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं ४० सेकंदांची आहे. बाबिलोनच्या विद्वानांनी ते नाकारलं आणि त्यांच्या बाजूने लेखणी उचलली सादिया गाओन या तरुण पंडिताने. पत्रांवर पत्रं गेली. ९२२ साली बेन मेईरच्या लोकांनी पेसाह रविवारी धरला, बाबिलोनवाल्यांनी मंगळवारी. त्या वर्षीचा नव्याचा सणही एकांचा मंगळवारी, दुसऱ्यांचा गुरुवारी. अकराव्या शतकातल्या एका सिरियन ख्रिस्ती इतिहासकारानेही ही फूट नोंदवून ठेवली आहे. शेवटी बाबिलोनची बाजू टिकली, आणि आजही जगभर तोच नियम चालतो.

दहा मिनिटं तेवीस सेकंद

हे सगळं कळल्यावर मी प्रोग्राम लिहिला. फार मोठा नाही, चाळीसेक ओळींचा. १९९१ टाकलं, १८ सप्टेंबर, बुधवार आलं. बरोबर. मग २०२५ टाकलं, म्हणजे त्यांचं ५७८६ हे वर्ष, आणि एकेक पायरी छापून पाहिली.

तिश्रीचा मोलाद आला सोमवार, २२ सप्टेंबर, दुपारी १२ वाजून १८७ भाग. म्हणजे १२ वाजून १० मिनिटं आणि २३ सेकंद. बाराच्या पुढे जेमतेम दहा मिनिटं. नियमाप्रमाणे नव्याचा सण सोमवारवरून मंगळवारी, २३ तारखेला गेला आणि दारफाळणी २ ऑक्टोबरला आली. मोलाद अकरा मिनिटं आधी असता तर दारफाळणी १ ऑक्टोबरला, बुधवारी झाली असती.

मी पुन्हा तपासलं. १८७ हे ६४२पेक्षा कमी. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी बेन मेईर जिंकला असता, तरीही या वर्षी दारफाळणी १ तारखेलाच आली असती. आणि २ ऑक्टोबरला, आपण शाळेत सोनं वाटत असताना, तिचा शिळा सण असता. मित्रमंडळींना भेटायचा दिवस.

मी तिला फोन केला. म्हटलं, "अगं, दहा मिनिटांनी घोळ केला बघ." सगळा हिशेब सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमची आजी असं काही मोजत नव्हती. मशिदीतून निरोप यायचा, अमुक दिवशी दार लावायचं. आम्ही लावायचो." जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. मग हसून म्हणाली, "तुला सातवीतलं अजून आठवतंय होय?"

मला वाटलं होतं, ती विसरली असेल.

अलिबागच्या त्या आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ सालचं. मुंबईचं पहिलं, दिवेकरांनी बांधलेलं, १७९६चं. त्याआधी शतकानुशतकं कोकणातल्या या घरांकडे न सिनेगॉग होतं, न मोलादाचा तक्ता, न बाबिलोनहून येणारं पत्र. तरी आकाशातली कोर बघून आणि आजीने सांगितलं म्हणून दारं लागत राहिली. माझ्या चाळीस ओळी आता कुठलंही वर्ष सांगतात, पण सण राखला तो दारं लावणाऱ्यांनी.

समितीला मी तारीख बदलायला सांगितली. कारण ग्रुपवर नीट लिहिलं, तिची परवानगी घेऊन. कोणीच कुरकुर केली नाही. कोणीतरी विचारलं, मग शनिवार? शनिवार नको, शब्बाथ. दिवाळीत? अर्धे लोक गावी. शेवटी २८ डिसेंबर, रविवार ठरला. नाताळची सुट्टी, हनुक्का २२ तारखेला संपलेला, लग्नाचं आमंत्रण कोणाला नाही. आपल्याला जमायला जो दिवस चालतो, तो तारखांच्या या सगळ्या चाळणीतून उरलेला दिवस आहे.

गमलिएलांनी काठी-थैली घेऊन बोलावलं, तेव्हा यहोशुआंना जावं लागलं होतं. आपण आपली तारीख एकीसाठी हलवू शकलो.

तिच्यासाठी एक गोष्ट इथे छापून ठेवते. सातवी, गणिताची चाचणी, १८ सप्टेंबर १९९१. त्या दिवशी दारफाळणीच होती. मी तपासलं आहे. चूक माझी होती, आणि ती मी सगळ्या वर्गासमोर केली होती, म्हणून कबुलीही सगळ्या वर्गासमोर.